काळ्या पडद्यापुढची तिसरी ओळ

आदरणीय व्याहीबुवा,

टक्, टक्, टक्. हेडमास्तर फळ्यावर खडू आपटायचे, तो हा आवाज. साठ वर्षं झाली, अजून छातीत वाजतो. (नमस्कार राहिलाच. गुडघे वाकतील तेवढा घालतो. आपला खोकला आणि विहीणबाईंची कंबर आता बरी असावी.) फळ्यासमोर उभं राहिलं की कवितेची तिसरी ओळ डोक्यातून पसार व्हायची. आणि आपल्या कन्येच्या कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे, व्याहीबुवा, हुबेहूब तो फळा.

सूनबाई त्यावर पुलांचे आराखडे काढते. काळ्यावर पांढऱ्या रेघा. डोळ्यांना थंड वाटतं म्हणे. दुपारी ती तासभर पडते, तेव्हा मी शाळेतल्या कविता आठवून तिथे टाइप करायला बसतो. काळ्यावर शब्द फुटेना, म्हणून पडदा पांढरा केला. वहीचं कोरं पानच ते! नदी, वारा, पाखरं, सगळी मंडळी झरझर हजर झाली. त्या आनंदात पडदा पुन्हा काळा करायचं राहून गेलं. (एकदा नव्हे. अकरा वेळा. हे पत्रही त्याच पांढऱ्या पानावर टाइप करतोय.)

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "बाबा, तुम्ही काही दाबलंत का?"

"मी? मला चालू करायचं बटण तेवढं ठाऊक."

तिथेच फसलो, कारण तिने विश्वास ठेवला. आता तिला वाटतंय की ती स्वतःच करते आणि विसरते. आपल्या मातोश्रींचं शेवटी झालं होतं, तसं. परवा जेवताना हळूच म्हणाली, "पुलाचा एखादा आकडा विसरले तर, बाबा?" मी आमटी मागितली. काल त्याच काळ्या पडद्यावर तिचा राजीनामा अर्धा लिहिलेला दिसला. खरं सांगावं, तर उरलेलं आयुष्य तिच्यासमोर कोणत्या तोंडाने काढू? न सांगावं, तर उद्या ती तो पाठवून मोकळी होईल.

बाकी इकडे सर्व ठीक. काळजी नसावी.

ता. क. पत्र मिळताच तिला फोन करून सांगा की आपलाही कॉम्प्युटर दुपारचा आपोआप पांढरा पडतो. यंत्रांची साथच आहे म्हणा.

ता. क. दुसरा : आपल्याकडे कॉम्प्युटर नाही, हे तिला माहीत असणार. शेजाऱ्यांचा म्हणा.

ता. क. तिसरा : दारावर कुणीतरी टकटक करतंय. खिडकीतून पाहिलं, तर आपणच. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. तिनेच बोलावलेलं दिसतंय. आतून तिच्या चपलांचा आवाज येतोय. थांबा, आधी पडदा काळा करतो.

केला. पुढची ओळ आठवेना, व्याहीबुवा.