कानतुटकीचा कान

गुरुवार, आज नळाला पाणी आलं

सगळी भांडी भरली, आता बसते. आबांच्या फोटोपायी चार दिवस जीव टांगणीला लागला होता, आज सुटला एकदाचा.

चारा मिळंना म्हणून आबांनी मेंढरं विकली अन् शेंद्र्याच्या एका कंपनीत वॉचमन लागले. विकायच्या आदल्या दिवशी मी कळपासोबत त्यांचा फोटो काढला, कानतुटकी मेंढी अगदी पायाशी. लाडकी त्यांची. मोठा प्रिंट काढून भिंतीवर लावू म्हटलं. आणि कॅमेरा होता कशावर? सगळ्यात लहान साइजवर! चुलतभावाच्या लग्नात मेमरी कार्ड पुरावं म्हणून केलेलं सेटिंग तसंच राहिलं. पाणी वाचवता वाचवता सगळंच वाचवायची खोड लागलीय मला. आता मेंढरं परत कुठून आणू?

शहागंजचा फोटोवाला म्हणाला, "बाजी, बड्डा करे तो फट जाता. पोस्टकार्ड साइज निकालो, एकदम साफ आएगा." स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर कानतुटकीचा कान म्हणजे नुसता डाग. नाइलाजानं पोस्टकार्डच काढलं.

घरी आल्या आल्या सांगून टाकलं, "आबा, चुकलं माझं. लई बारका आलाय."

त्यांनी चष्मा लावला, फोटो उजेडात धरला. एकेका मेंढरावरून बोट फिरवत कानतुटकीपाशी थांबले. कानाची खाच स्पष्ट दिसत होती.

"मोठा कशाला गं? भिंतीवरचा फोटो ड्यूटीवर कसा नेऊ?"

वर्दीच्या खिशात फोटो ठेवला, अन् खिशाचं बटण लावलं.