बाबांचं बेट

दादा,

मी दवाखान्यात पुढे जाते. डॉक्टरांनी आजचा दिवस कठीण सांगितलाय, तेव्हा उठल्या उठल्या ये, दाढीबिढी राहू दे. चहा थर्मासमध्ये आहे.

टेबलावर बेटांची माहितीपत्रकं पडलीत. दोन वर्षं आपण त्यांवरून भांडलो. तुला समुद्रात बुड्या मारायच्या होत्या, मला पक्षी बघायचे होते, आणि ज्यांना न्यायचं त्यांना कुणी विचारलंच नाही. काल नर्सने सहज विचारलं, तर बाबा म्हणाले, "रस्ता बेटाला वळसा घालून परत त्याच थांब्यावर येतो, असं बेट पाहिजे. पस्तीस वर्षं बस चालवली. एकदा दुसऱ्याने चालवावी, मी खिडकीशी बसेन."

तसं बेट त्या गठ्ठ्यात आहे. त्यावर तुझ्या अक्षरात 'कंटाळवाणं' लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. ते मी आत्ता खोडलंय. तेवढं एक पत्रक खिशात घालून आण.

तिकिटं काढली का, असं ते विचारतील. काल मी गप्प राहिले, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तू हो म्हण. खिडकीची जागा मिळाली, असंही सांग.

छोटी