गुणगुणलेली ओळ

१४ मार्च १९६२

नुसता संताप झालाय!

शेजारचे नरसिंहराव पुण्याहून नवी रेकॉर्ड घेऊन आले. आमच्या रत्नाक्कानं गायलेलं गाणं आता एका बड्या गायिकेनं गायलंय. गाईना का! एके काळी आमच्या मल्लेश्वरम पेठेतल्या प्रत्येक हळदीकुंकवात तेच गाणं असायचं. पण दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ आली आणि बाईंनी शब्द सोडून नुसतं गुणगुणलं — हुबेहूब अक्कासारखं!

आणि आमचे अण्णा मांडीवर थाप मारून म्हणतात, "व्वा! काय जागा घेतली!"

जागा म्हणे! नऊ वर्षांपूर्वी अक्काची रेकॉर्ड आली, तेव्हा हेच तीर्थरूप पोरीवर खेकसले होते — "ओळ विसरलीस! मद्रासपर्यंत जाऊन माझं नाक कापलंस!" त्या दिवसापासून अक्काचं गाणं बंद. तंबोरा माळ्यावर.

१५ मार्च

अण्णा येईल त्याला तीच रेकॉर्ड ऐकवतायत. अक्का मुकाट्यानं सगळ्यांना कॉफी देते. दगड आहे ही बाई!

१८ मार्च

भांडले. अण्णांच्या तोंडावर.

"त्या बाईंची ती जागा, आणि आमच्या अक्काची ती चूक?"

"त्या मुद्दाम गुणगुणल्या. ही विसरली. स्वल्प तरी फरक आहे की नाही?"

मग माझा तोल गेला. "विसरली तर विसरली! माणूस चुकतं! तेवढ्यासाठी जन्मभर गळा बंद करायचा?"

अक्का तिथंच भाजी निवडत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता तरी बोलेल. छे! ताट उचलून आत गेली. जिच्यासाठी भांडावं तिची ही तऱ्हा!

१९ मार्च

अक्का माझ्याशी बोलत नाही. माझ्याशी! अण्णांना मात्र वेळेवर गरम भाकरी.

२१ मार्च

मागच्या दारी कपडे वाळत घालताना अक्का तेच गाणं म्हणत होती. ती ओळ आली. अख्खी म्हटली, शब्दन् शब्द. मग थांबली, आणि तीच ओळ पुन्हा नुसती गुणगुणली.

"असंच बरं वाटतं ना?" मला म्हणाली. "तेव्हाही असंच वाटलं होतं. विसरले नव्हते गं मी."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"अण्णांनी विचारलं नाही. तू तरी कधी विचारलंस?"