भात खात राहिलेला बाप

रविवार, लाखनी

चार दिवस वही उघडली नाही, चुकलंच. आज नातीनं टीव्हीवर जपानी सिनेमा लावला. भाषा कळेना, ती सांगत गेली. मुलगी बापाचं न ऐकता शिकायला शहरात निघते, दारात थांबते. बाप मान खाली घालून भात खात राहतो.

मी म्हटलं, "बरोबर केलं त्यानं. पोरीनं बापाचं ऐकाले पायजे."

नात हसली. "आबाजी, आत्या नर्सिंगले गेली तवा तुमी बी जेवूनच राहिले होते म्हणे!"

कोणी सांगितलं हिला? पण खरंच आहे. भूक नव्हती, तरी सगळा भात संपवला. काहून?

सिनेमातली पोर म्हाताऱ्या बापाला भेटायला येते. सिनेमावाल्यांचं काय जातं! माझी लेक सुमन नऊ वर्षांत आली नाही.

सुमन, भांडायला तरी फोन कर. लवकर कर.