सुईवरचं नाणं

बाबा,

रेकॉर्ड प्लेयरला सुईचं नवं कार्ट्रिज बसवलंय. सुई धरणाऱ्या आपल्या जुन्या दांड्याला झेपेल असं हलकंच घेतलं. सुईचा भार काट्यावर मोजून दोन ग्रॅमला लावलाय, दांड्यामागचं वजनाचं चाक फिरवू नका.

आईच्या गाण्याची रेकॉर्ड लावून पाहिली. आवाज अजूनही खरखरतोय, दुसरं कडवं तर मलाही ऐकू येत नाही. म्हणजे तुमचे कान ठणठणीत आहेत. उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ नका.

आई गेली त्या आठवड्यात सुई सारखी उडायची, म्हणून दांड्यावर ते नाणं मीच ठेवलं होतं. तुम्ही रोज ऐकत राहिलात आणि त्या ओझ्याने रेकॉर्ड झिजत गेली. दुसरी प्रत कुठेच नाही.

तोंडावर सांगायचा धीर होईना. तुम्ही फिरून यायच्या आत निघतोय. नाणं मी नेलंय.