पिंपातली भाकरी

३ डिसेंबर २००३

पिंप आलं! निळं, माझ्या कमरेएवढं, आडवं टाकून लोखंडी घोडीवर चढवलेलं. बाजूला हँडल. हँडल फिरवलं की अख्खं पिंप गरगर फिरतं. पोटाला एक दार, दाराला कडी. कुंभमेळ्यात पाण्यासाठी आणलेलं होतं म्हणे, नंतर भंगारात निघालं. म्हणजे पुण्यवान पिंप हाय.

कुंदनने स्वतः केलं. कंपनीतल्या वेल्डरला धरून चार रविवार घातले. म्हणतो, "आई, साली, देठं, पालापाचोळा सगळं ह्यात टाक. वरून मूठभर माती. रोज पाच फेरे दे. महिनाभरात खत."

पण मला एक कळंना. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ह्या पोराने परसात पाय टाकला नाय. कढीपत्ता तोडून आण म्हणलं तर विचारतो, झाड कुठलं? त्याला एकदम खताचं कुठून सुचलं?

शुभांगीचं डोकं असणार. सासूला मागच्या दारी पिंपाशी गुंतवायची अन् स्वयंपाकघर आपल्या हातात घ्यायचं. सून लय गोड बोलायला लागली की मी पदर सावरून बसते. बघते ना मी पण.

४ डिसेंबर

पिंपाचं नाव ठेवलं – जावईबापू. दिवसभर लोळतात अन् पुढ्यात येईल ते खातात! मला लेक नाय, पण जावयाची हौस फिटली. शुभांगी पोट धरून हसली. कुंदन नुसता ओठ मिटून. पूर्वी असल्या बोलण्यावर टाळी द्यायचा.

बायकोने आवर घातला असेल. आईच्या गमतीला हसायचं नाय असं.

९ डिसेंबर

जावईबापूंचं पोट तापलं! दार उघडलं तर वाफ आली तोंडावर. वास पण लय. भिंतीपलीकडून रावजीभाऊ म्हणाले, "वहिनी, काय शिजवताय?"

म्हणलं, "तुमच्यासाठी खीर. वाटी घेऊन या."

एसटीतून रिटायर झाल्यापासून ह्या माणसाला आमच्या भिंतीशिवाय दुसरा उद्योग नाय. पण सांगितलं बरं – ओलं जास्त झालंय, वाळका पाला टाका. टाकला. वास बसला.

पाला कालवताना गुटख्याच्या पुडीचे तुकडे हाताला लागले, तीन-चार. जावईबापू सगळं पचवतात, तेवढं पचत नाय. भिंतीवरून दाखवले. म्हणलं, "रावजीभाऊ, आमच्या जावयाला हे चारायचं नाय!" ते चिडले. "मी चुना-तंबाखूवाला माणूस. पुडी नाय खात. शिवाय बंदी आलीय."

बंदी आली तरी टपरीवर मिळतातच. रावजीभाऊंचं मला खरं वाटत नाय.

१६ डिसेंबर



पिंपात भाकरी! दोन, अख्ख्या, वांग्याच्या देठांखाली लपवलेल्या. बाजरीच्या. माझ्या हातच्या! मी ओळखते ना, माझ्या भाकरीला कडेला एक तरी चीर असतेच. चाळीस वर्षं झाली, ती चीर काय गेली नाय.

आमच्या सिन्नरकडे ताटात तुकडा राहिला तरी आजी डोळे वटारायची. अन् हितं अख्खी भाकरी कचऱ्यात!

आता हिशोब सोपा हाय. भाकरी करते मी. डबा भरते शुभांगी. कुंदनचा डबा संध्याकाळी रिकामा येतो, मागच्या नळावर घासून आणतो बिचारा. मग भाकरी पिंपात कशी आली? डब्यातून काढली! अन् स्वतःच्या कागदासारख्या चपात्या भरून दिल्या!

आज काय बोलले नाय. बोललं की चोर सावध होतो.

१७ डिसेंबर

आज एक भाकरी. अन् मेथीची भाजी.

२२ डिसेंबर

पाचला जाग आली. मिक्सरचा आवाज. एवढ्या पहाटे कसलं वाटण? उठून बघेपर्यंत बाईने भांडं धुऊन पालथं घातलेलं. कुंदनच्या हातात स्टीलचा ग्लास. मला बघून पाठ केली अन् गटागट प्यायला.

"काय गं ते?"

"काही नाही आत्याबाई, ताकदीचं आहे."

ताकदीचं! पोरगा दिवसेंदिवस वाळतोय. शर्टाची कॉलर गळ्यापासून लांब उभी राहाते. अन् म्हणे ताकदीचं. आमच्या गावात एकीने नवऱ्याला असंच काय काय घोटून पाजलं होतं, तो शेवटपर्यंत आईशी बोलला नाय. माझा तसल्यावर विश्वास नाय. पण ग्लास हुंगला. वरणाचा वास आला. वरण कशात पण मिसळता येतं.

६ जानेवारी २००४

पहिलं खत काढलं! काळं, भुसभुशीत, वास पावसाळी मातीचा. वांग्यांना घातलं. चाळताना परत पुडीचे तुकडे. रावजीभाऊंना आवाज दिला नाय. नुसते भिंतीवर मांडून ठेवले, ओळीने, देवासारखे!

जेवताना कुंदन म्हणाला, "आई, भाजी तिखट झालीय." पोरगा मिरचीचा ठेचा नुसता खायचा. सगळं तोंडात आग होतंय म्हणे. वरण-भातच कालवून खाल्ला, तो पण तासभर. शुभांगी त्याच्याकडे बघत होती अन् मी शुभांगीकडे.

संक्रांत

सकाळी लाडू वळले. दरवर्षी पहिला लाडू मी कुंदनच्या तोंडात घालते, अख्खा. चाळिशीला आला तरी. गाल फुगतो त्याचा, बघायला मजा येते. आज हात पुढे केला तर त्याने तोंड बाजूला घेतलं अन् लाडू हातात घेतला. "नंतर खातो आई." खिशात टाकला.

मी हसले. म्हणलं, "बायकोचा लाडू मऊ लागतो वाटतं!" शुभांगी उठून आत गेली. डोळे पुसत होती. तिला कशाला रडू? रडायला मला पाहिजे होतं.

चार वाजता पिंप उघडलं. लाडू होता.

१९ जानेवारी

सापळा लावला! भाकरी थापताना मधोमध करंगळी दाबली. खळगा पडला, टिकलीएवढा. भाजल्यावर पण दिसत होता. दोन्ही भाकरी शुभांगीच्या पुढ्यात ठेवल्या. "भर डबा."

२० जानेवारी

खळगेवाल्या दोन्ही भाकरी पिंपात.

हातात घेऊन थेट ओट्यापाशी गेले. शुभांगीच्या नाकासमोर धरल्या.

"ही कुणाची करंगळी गं?"

पांढरी पडली. मला वाटलं रडंल, शपथा घेईल, रावजीभाऊंवर ढकलंल. मी सगळ्याला उत्तर तयार ठेवलं होतं. तर ती म्हणाली, "मीच टाकते, आत्याबाई."

एवढंच!

भांडण करायला गेले अन् समोरचीने दोरच सोडून दिला. नऊ वर्षं झाली लग्नाला, साखर कमी पडली तरी वाद घालणारी ही. आज एका वाक्यात कबूल? ह्याच्यात पण डाव हाय. मोठा डाव हाय. दोघं वेगळं बिऱ्हाड करायच्या तयारीत असणार.

२१ जानेवारी

कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून निफाडला फोन केला. शुभांगीच्या बापाला, कोंडाजी व्याह्यांना. म्हणलं, रविवारी या. तुमच्या लेकीला भाकरीची किंमत शिकवायची राहून गेली, ती शिकवून जा.

फोन ठेवल्यावर वाटलं, जास्त झालं का? मग म्हणलं, नाय. त्या भाकरीला कुणी तरी विचारायला पाहिजे.

२५ जानेवारी, रविवार

व्याही आले. बागेची तोड तोंडावर आलेली, तरी आले. येताना द्राक्षांची पेटी. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी करंगळीच्या खळग्यापासून सगळं सांगितलं.

"विहीणबाई, आम्ही अन्न टाकायला शिकवलं नाय हो," म्हणाले. मग लेकीकडे वळले. "खरं का गं?"

"हो अण्णा. मीच टाकते."

म्हाताऱ्याने मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. कुंदन दारात उभा. बायकोची बाजू घेतली नाय. मला बरं वाटलं, पोरगा आपल्या बाजूने हाय. मग बघितलं तर तो शुभांगीकडे बघून मान हलवत होता, नको नको अशी. अन् ती त्याच्याकडे बघून डोळे मोठे करत होती, गप अशी.

ह्यांच्या खाणाखुणा मला कळत नाय का? काय तरी हाय दोघांत.

व्याही म्हणाले, "आठ दिवस नेतो. समजावतो." मी म्हणलं, न्या. पिशवी भरून दारात आली तेव्हा शुभांगी हळूच म्हणाली, "आत्याबाई, सकाळी ग्लास तेवढा द्या त्यांना. वरण-भात मिक्सरमधून पातळ करून. दोन वेळ."

मला शिकवते! माझ्या पोराला काय द्यायचं ते!

२६ जानेवारी

घर माझं झालं. ग्लास-बिलास काय दिला नाय. सकाळी कुंदनला सुट्टी, म्हणून पिठलं-भाकरी समोर ठेवली. म्हणला, "पोट बरं नाय आई." पिठल्याचं पाणी पाणी प्यायला.

बायको गेली म्हणून रुसला. रुसू दे.

२८ जानेवारी

काल अन् आज डबा मी भरला. माझ्या हाताने भाकरी ठेवल्या, झाकण मी लावलं. खळगा पाडायची गरज नव्हती, सवयीने पडला.

संध्याकाळी साली टाकायला पिंप उघडलं. भाकरी. दोन कालच्या, फुगलेल्या. दोन आजच्या.

शुभांगी निफाडला.

मी पायरीवर बसून राहिले. रावजीभाऊ भिंतीवरून "वहिनी, काय झालं?" म्हणाले. मी उठून पिंपाची कडी लावली.

२९ जानेवारी

सहाच्या सुमाराला अळूच्या मागे जाऊन उभी राहिले. अजून उजेड होता. कुंदनची गाडी मागच्या गल्लीत थांबली. आला. डबा उघडला. भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, नळाखाली भिजवला अन् बोटाने दातांतून आत ढकलत राहिला. लहान पोराने दप्तरात वही कोंबावी तसा. मग बाकीची भाकरी कपाळाला लावली अन् पिंपात सोडली. कडी लावली. पाच फेरे दिले. मोजून.

मला राग पण आला अन् हसू पण. ओरडले, "सापडला गं चोर!"

दचकला केवढा.

"बायकोला वाचवायला हे नाटक होय? थांब. माझ्यादेखत खायची." पिंपातून अर्धी भाकरी काढली, लागलेला पाला झटकला, फुंकर मारली, तुकडा मोडला. "आ कर."

तुकडा त्याच्या ओठांपाशी नेला.

"आ कर म्हणते ना!"

"केलाय, आई."

दात दिसत होते. वरचे, खालचे. मधे फट, पैसा सरकवावा एवढी. तेवढ्यानेच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पायरीवर बसलो दोघं. दाताच्या फटीतून बोलत होता, मी इतके दिवस समजत होते की पोरगा माझ्याशी तुटक बोलतो. पुड्या. दिवसाला वीस-वीस. शिफ्टला झोप येऊ नये म्हणून लागल्या. आता सोडल्यात, दिवाळीपासून सोडतोच हाय म्हणे. परसातच चोरून खायचा. गाल आतून चामड्यासारखा झालाय.

"मला का नाय सांगितलं?"

"तू भाकरी थापतेस तेव्हा लय खूश असतेस."

मग म्हणाला, "आधी कंपनीच्या गेटवर कुत्र्यांना घालायचो. तुझी भाकरी रस्त्यावर टाकवंना. म्हणलं, खत तरी होईल. तुझ्याच वांग्यांना जाईल."

चार दिवस पोराला पिठल्याच्या पाण्यावर ठेवलं मी.

३० जानेवारी

पहिल्या एसटीने निफाड. वाटभर वाक्यं जुळवत गेले. शुभांगी बागेत होती, हातात कात्री. मला बघून पळत आली. मी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, "ग्लास देताय ना त्यांना?"

"नाय दिला."

माझ्याकडे बघितलं. कात्री बापाच्या हातात दिली अन् पिशवी घ्यायला आत गेली.

५ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो तिघं. गालातला तुकडा काढून तपासायला पाठवलाय. चांगल्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात म्हणे. डॉक्टरने कुंदनला घालायला लावली. एक गेलं. दुसरं गेलं नाय.

डॉक्टरने विचारलं, "आधी किती जायची?"

माझ्याकडेच बघून विचारलं. आई ना मी.

शुभांगी म्हणाली, "दिवाळीत दोन जात होती."