एक्क्याण्णवचा कागद

क्लीव्हलँड, मंगळवार

प्रिय बाबा,

गुडघा बरा आहे, दोन वेळा पोटभर जेवतोय, आईला एवढंच सांगा. डिक्सी आता खाते का? म्हातारी कुत्री, तिला भात द्या.

पण परवाच्या फुटबॉल सामन्याचे माझे शंभरपैकी मार्क वाचून काल फोनवर तुम्ही म्हणालात, "बेचाळीस मार्क? मैदानात झोपला होतास का रे?" ते डोक्यातून जात नाही.

आमच्या चेंडू फेकणाऱ्याला समोरच्यांनी दोनदा आपटलं, आणि त्याला वाचवणं माझं काम, मान्य. पण दोन्ही वेळा त्याच्यावर धावून येणारा माणूस मी सोडायचा आणि मागे उभ्या लमारने अडवायचा, असं ठरलं होतं. लमार विसरला. घरी बसून व्हिडिओ बघत मार्क देणाऱ्याला आमचं ठरलेलं काय डोंबल कळणार? घातलं माझ्या नावावर! आमच्या संघात एकमेकांची चूक बाहेर सांगत नाहीत, म्हणून पत्रकारांसमोर दात आवळून बसलो. तुम्हीही बोलू नका. येत्या रविवारी मला खेळवतील की नाही, देव जाणे.

आणि गेल्या महिन्यात? मी तीनदा घसरून पडलो, समोरचे मलाच अडखळून कोसळले. त्याचे एक्क्याण्णव! तो कागद तुम्ही फ्रीजवर चिकटवलात.

आधी तो फाडा. मग मला झोपलास म्हणा.

तुमचाच,
ऑरिन